शेंडेनक्षत्राच्या अंगणांत

धूमकेतु हा शब्द आजच्या मुलांस पाठ्यपुस्तकांतून ठाऊक असतो. शेंडेनक्षत्र हा मात्र त्यांच्या कानांवरून कधीं गेलेला नसतो. आमच्या लहानपणीं धारूरांत नेमकें उलट होतें. धूमकेतु पोथींत असे, आणि शेंडेनक्षत्र आकाशांत. आमच्या घरीं तर तें स्वयंपाकघरांत होतें. वडिलांच्या थोरल्या भगिनी, आमच्या आत्याबाई, ह्यांस घरांतलीं वडील माणसें रागाच्या भरांत, आणि कधींकधीं रागाशिवायहि, ‘शेंडेनक्षत्र’ म्हणत असत.

ह्या शब्दाचा हिशेब आमच्याकडे बरींच वर्षें तुंबून राहिला आहे, तो आज वाचकांपुढें मांडतों. त्यांत एका यानाची गोष्ट आहे आणि आमच्या एका असत्याची आहे. यानाची गोष्ट जगास ठाऊक आहे. दुसरी आमच्याखेरीज घरांतल्या दोघींसच ठाऊक होती.

आत्याबाईंचा जन्म शके १८३२ च्या वैशाखांतला, म्हणजे १९१० च्या मे महिन्यांतला. हॅलेचा धूमकेतु त्या महिन्यांत ठळक दिसत होता, आणि १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी त्याच्या शेपटींतून जाणार असें ज्योतिर्विदांनीं गणित केलें होतें. त्या शेपटींत सायनोजन नांवाचा विषारी वायु असल्याचें नुकतेंच कळलें होतें. झालें! युरोप-अमेरिकेंतलीं शिकलीसवरलेलीं माणसें घाबरलीं. कोणी दारांखिडक्यांच्या फटी बुजविल्या, कोणी ‘धूमकेतूवरच्या गोळ्या’ विकून पैसे केले. शेपटी इतकी विरळ निघाली कीं कोणाच्या केसासहि धक्का लागला नाहीं. आमच्या घरीं तेव्हां वर्तमानपत्र येत नव्हतें, त्यामुळें सायनोजनची भीति नव्हती. दुसरी होती, आणि ती पुरेशी होती.

जन्मानंतर महिन्याभरांत घरची दुभती म्हैस मेली, तिचें खापर प्रथम फुटलें. आठव्या वर्षीं लग्न झालें तें १९१८ सालीं. त्याच वर्षीं मानमोडीच्या तापाची साथ आली. त्या इन्फ्लुएंझानें एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्यांत आत्याबाईंचे यजमान, वय वर्षें चौदा, हेहि गेले. कोटी घरांतले दिवे विझले, पण आमच्या घरांत त्या एका मृत्यूचा संबंध व्हायरसाशीं नव्हे, तर एका मुलीच्या जन्मतिथीशीं जोडला गेला. पुढलीं अडुसष्ट वर्षें त्या ह्याच वाड्यांत राहिल्या. आलवण, सोवळें, पहाटेची विहीर, चूल, दुसऱ्यांचीं बाळंतपणें. आम्हां पांचही भावंडांस न्हाऊमाखूं त्यांनींच घातलें. मात्र बारशाच्या पाळण्याला हात लावण्याची त्यांना मनाई असे.

१९६५ च्या दिवाळीच्या सुमारास इकेया-सेकी नांवाचा धूमकेतु आला. दोन जपानी हौशी निरीक्षकांनीं तो शोधला होता, आणि सूर्याजवळ असतांना तो एवढा तेजस्वी झाला कीं भर दिवसाहि दिसला. आम्ही सात वर्षांचे होतों. पहाटेस सारा वाडा माळवदावर जमला. पूर्वेकडे क्षितिजांतून वर उठलेली ती पांढरी केरसुणी आम्हांस अजून दिसते. पाकिस्तानाशीं लढाई नुकतीच थांबली होती. जानेवारींत ताश्कंदाहून शास्त्रीजींच्या निधनाची वार्ता आली, तेव्हां ‘तरी आम्ही म्हणत होतों’ असें म्हणणाऱ्यांस ऊत आला. आत्याबाई तेवढ्या माळवदावर आल्या नव्हत्या. आम्ही खालीं धांवत जाऊन त्यांस ओढूं लागलों, तेव्हां त्या चुलीपुढून न उठतां म्हणाल्या, “मला काय पाहायचंय त्यांत? आरशांत रोज दिसतं तें.”

आमचें शिक्षण म्हणाल तर बेताचें. वडिलांनीं रूपावली, अमरकोश, रघुवंशाचे कांहीं सर्ग घोटून घेतले. मग मॅट्रिक, मग अध्यापनाचें प्रमाणपत्र, आणि मग मास्तरकी. पदवीचें दार कधीं ठोठावलें नाहीं. पण संस्कृताची गोडी लागली ती सुटली नाहीं. पुढें एकदां आजोबांच्या पोथ्या-पुस्तकांच्या मांडणींत वराहमिहिराची बृहत्संहिता हातीं लागली. तिच्यांत केतुचार नांवाचा एक अध्यायच आहे. सहाव्या शतकांतला हा पंडित प्रारंभींच प्रांजळपणें सांगतो कीं केतूंचें उगवणें-मावळणें गणितानें कळत नाहीं. केतु किती, ह्याविषयीं तो पूर्वाचार्यांचीं मतें देतो: कोणी म्हणतात एकशें एक, कोणी म्हणतात हजार, आणि नारद म्हणतो केतु एकच, त्याचीं रूपें अनेक. हॅलेनें १७०५ सालीं निरनिराळ्या वर्षीं दिसलेले धूमकेतु एकच असल्याचें गणितानें मांडलें आणि तो १७५८ सालीं परतेल असें भाकीत केलें. तो त्या वर्षीं नाताळाच्या दिवशीं दिसला. म्हणजे नारदाचें म्हणणें निदान एका केतूपुरतें खरें ठरलें, असें आम्ही वर्गांत मिस्किलपणें सांगत असूं. (कालिदासाविषयीं मात्र वर्गांत मौन पाळीत असूं, त्यानें कुमारसंभवांत तारकासुरास धूमकेतूचीच उपमा दिली आहे.)

पण वराहमिहिराच्या त्याच अध्यायांत आणखी एक वाक्य होतें. लहान, तेजस्वी, सरळ, शुभ्र आणि थोडा काळ दिसणारा केतु सुभिक्ष आणि सौख्य देतो, असें त्यानें स्पष्ट लिहिलें आहे. सुभिक्ष म्हणजे दुष्काळाच्या नेमकें उलट. आम्ही मोठ्या उत्साहानें तें पान घेऊन आत्याबाईंकडे गेलों आणि अर्थ सांगितला. त्यांनीं डाळ निवडणें थांबविलें नाहीं. “पुस्तक कुणाचं म्हणालास?” “आजोबांचं.” “म्हणजे माझ्या वडिलांचं. मग तें पान त्यांनीं वाचलं नव्हतं का रे?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अजून सुचलेलें नाहीं.

आतां १९८६. हॅलेचा धूमकेतु शहात्तर वर्षांनीं परत आला. ह्या खेपेस तो पृथ्वीपासून बराच दूर होता आणि दक्षिण गोलार्धांतूनच चांगला दिसत होता. तरी मार्चमध्यें पहाटे आपल्याकडे आग्नेयेस, क्षितिजाच्या थोडा वर, पुसट दिसे. १४ मार्चच्या रात्रीं युरोपचें ‘जिओत्तो’ नांवाचें यान त्याच्या गाभ्यापासून सुमारें ६०० किलोमीटरांवरून गेलें. धुळीच्या माऱ्यानें त्याचा कॅमेरा निकामी झाला, पण त्याआधीं त्यानें छायाचित्रें पाठविलीं होतीं: कोळशाहून काळा, पंधरा किलोमीटर लांबीचा, वेडावांकडा एक गोळा, आणि त्यांतून सुटणारे वाफेचे फवारे. मानवानें धूमकेतूचा गाभा पहिल्यानेंच इतक्या जवळून पाहिला. आम्ही तेव्हां अठ्ठावीस वर्षांचे, अंगांत नवें वारें. शाळेंत फळ्यावर दीर्घवर्तुळ काढून, अंधश्रद्धेवर तावातावानें बोलून आम्ही मुलांस थक्क करून सोडीत होतों.

त्या आठवड्यांत आत्याबाईंनीं आयुष्यांत पहिल्यानें आमच्याजवळ कांहीं मागितलें. “माझ्या जन्माचं तें परत आलंय म्हणतात. एकदां बघूं दे मला. कसं आहे तरी बघतें.” आम्हीं पहाटे उठविण्याचें वचन दिलें.

ही गोष्ट आमच्या मातोश्रींच्या कानीं गेली. त्या कांहीं कठोर बाई नव्हेत. पण सून गर्भार, चौथा महिना, पहिलटकरीण. घरांत गर्भारशी असतांना शेंडेनक्षत्राकडे बोट दाखवूं नये, आणि तेंहि ‘ह्यांच्यासह’ नकोच नको, असें त्यांनीं एवढ्या हळू आवाजांत सांगितलें कीं तें विनंतीसारखें लागलें. वादाचे सारे मुद्दे आमच्यापाशीं तयार होते. सकाळींच फळ्यावर लिहिले होते. त्यांतला एकहि तोंडांतून बाहेर आला नाहीं. त्याचें कारण मातोश्रींचा धाक हें नव्हतें. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि भय वाटलें. जर पुढें कांहीं उणें-अधिक झालें तर, हा ‘जर’ आमच्या साऱ्या खगोलशास्त्राहून जड निघाला.

पहाटे चार वाजतां आम्ही एकटेच माळवदावर गेलों, चोरासारखे. आकाश लख्ख होतें. धूमकेतु दिसला: पाटीवरचा खडू बोटानें पुसावा तसा एक डाग. खालीं येऊन निजलों. सकाळीं आत्याबाईंस सांगितलें, “ढग होते.” त्या म्हणाल्या, “बरं.” दुसऱ्या दिवशींहि ढग होते, तिसऱ्या दिवशींहि. नंतर त्यांनीं विचारलें नाहीं. श्रावणांत आम्हांस कन्या झाली, आणि त्याच वर्षीं दिवाळीपूर्वीं आत्याबाई गेल्या.

२०१४ सालीं तीच कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. पुण्यास संगणकाच्या कचेरींत ती काम करते. दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीचीं कुटुंबें आपल्या बीड जिल्ह्यांतून कारखान्यांकडे निघून गेलीं होतीं आणि गांव नेहमींप्रमाणें अर्धा रिकामा वाटत होता. १२ नोव्हेंबरच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती हातांत मोबाईल घेऊन उशीला टेकून बसली आणि म्हणाली, “बाबा, इकडे या. एक यान आज धूमकेतूवर उतरतंय.”

त्या यानाचें नांव रोझेटा. इजिप्तमध्यें १७९९ सालीं सांपडलेल्या ज्या शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरला होता, आणि जिच्यामुळें तिथली विस्मृत चित्रलिपि पुढें उलगडली, तिचेंच नांव यानास दिलेलें. लिपि शिकविण्यांत जन्म गेलेल्या मास्तरास हें नांव आवडावें ह्यांत नवल नाहीं. धूमकेतूंस ह्या शिळेसारखें कां मानतात, तें असें. सुमारें ४६० कोटी वर्षांपूर्वीं सूर्य आणि ग्रह ज्या धूळ-वायु-बर्फांतून घडले, त्यांतलें जें वापरलें गेलें नाहीं, तें दूरवर थंडींत तसेंच राहिलें. लाडू वळून झाल्यावर परातींत चुरा उरतो ना, तसा. लाडू कशाचे केले हें मागाहून जाणावयाचें असेल तर हा चुरा चाखावा.

मूळ बेत निराळा होता. दुसऱ्याच एका धूमकेतूकडे जाण्यासाठीं यान २००३ च्या जानेवारींत निघावयाचें होतें. पण आदल्याच महिन्यांत त्याच जातीचें एक रॉकेट फसलें, म्हणून उड्डाण लांबलें, मुहूर्त टळला आणि लक्ष्य बदलावें लागलें. अखेर २ मार्च २००४ रोजीं तें दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानाहून उडालें. थेट जाण्याइतकें बळ कोणत्याहि रॉकेटांत नव्हतें. ज्वारीची राखण करणारा पोरगा गोफणींत गुंडा घालून गरगर फिरवितो आणि मग सोडतो. तसें पृथ्वीनें त्यास २००५, २००७ आणि २००९ सालीं तीनदां, आणि मंगळानें २००७ सालीं एकदां, आपल्या आकर्षणाच्या गोफणींतून पुढें भिरकाविलें. सूर्यापासून फार लांब गेल्यावर पंखांवरच्या सौरपट्ट्यांस ऊन पुरेना, म्हणून २०११ च्या जूनमध्यें त्यास निजविलें. आपला देव आषाढी एकादशीस निजून कार्तिकीस उठतो. हें यान एकतीस महिने निजलें आणि २० जानेवारी २०१४ रोजीं ठरल्याप्रमाणें आपण होऊन जागें झालें. ६ ऑगस्टला तें धूमकेतूपाशीं पोहोंचलें. जिओत्तोसारखें बाजूनें सूं करून निघून न जातां त्याच्या बरोबरीनें चालूं लागलें.

धूमकेतूचें नांव चुर्यूमोव्ह-गेरासिमेंको. १९६९ सालीं अल्मा-आता येथें स्वेतलाना गेरासिमेंको ह्या बाईंनीं घेतलेल्या छायाचित्रांत क्लिम चुर्यूमोव्ह ह्यांस तो आढळला. जो शोधील त्याचें नांव, अशी त्या शास्त्राची रीत. कन्येनें हें वाचून दाखविलें तेव्हां आमच्या मनांत एक जुनी गोष्ट आली. १९४९ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें शिकणाऱ्या वेणू बाप्पू नांवाच्या तरुणास एक नवा धूमकेतु दिसला. त्याचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेंत कामास होते. तो स्वतः हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेला होता. धारूर तेव्हां त्याच हैदराबाद राज्यांत. धूमकेतूस बाप्पू-बोक-न्यूकर्क असें नांव मिळालें आणि त्या तरुणास पदक. आत्याबाई त्या वर्षीं एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. तिकडे धूमकेतूस माणसाचें नांव देत होते, आणि इकडे आमच्या घरांत माणसास धूमकेतूचें.

असो. त्या रात्रीं रोझेटापासून सुटलेला एक पेटारा धूमकेतूवर उतरणार होता. त्याचें नांव फिली. आकारानें आपल्या अंगणांतल्या तुळशीवृंदावनाएवढा, वजनानें पृथ्वीवर शंभर किलो. धूमकेतु अवघा चार-साडेचार किलोमीटरांचा, दोन गोळे मानेनें जोडल्यासारखा, पाण्यांतल्या बदकाच्या घाटाचा; त्याचें आकर्षण इतकें क्षीण कीं हा शंभर किलोंचा पेटारा तिथें जेमतेम एक ग्रॅम भरतो. सराफाच्या जुन्या वजनांत एक मासा म्हणा. उतरणें म्हणजे पडणें नव्हे, तरंगत जाणें. सुमारें २० किलोमीटर उतरण्यास सात तास लागले. बातमी येण्यास आणखी अठ्ठावीस मिनिटें, कारण अंतर ५१ कोटी किलोमीटर. आपल्या घड्याळांत रात्रीचे साडेनऊ होऊन गेले होते. जर्मनींतल्या डार्मश्टाट येथील नियंत्रणकक्षांतलीं माणसें एकाएकीं उठून एकमेकांस कवटाळूं लागलीं. कन्या ओरडली, “टेकलं!” आंतून तिची आई धांवत आली; तिला वाटलें कळाच सुरूं झाल्या.

पुढचें दुसऱ्या दिवशीं कळलें. जमिनीस घट्ट धरण्यासाठीं दोन आंकडे सुटावयाचे होते, ते सुटले नाहींत. वरून दाबून धरणारा वायूचा झोतहि चालला नाहीं. फिली टेकला आणि उसळला. साधारण एक किलोमीटर उंच उडून, जवळजवळ दोन तास तरंगत राहून पुन्हां खालीं आला, पुन्हां थोडा उडाला, आणि शेवटीं एका कड्याच्या सावलींत तिरपा अडकला. ऊन अपुरें, म्हणून विजेचा सांठा भरेना. आंतल्या बॅटरीवर तो अडीच दिवस काम करीत राहिला. हुंगलें, ठोकून पाहिलें, चित्रें काढलीं, सारें पाठवून दिलें. १५ नोव्हेंबरच्या पहाटे, आपल्याकडे सहाच्या सुमारास, तो गप्प झाला.

कन्येस झोंप येत नसे, ती जागीच होती. “संपलं बाबा,” म्हणाली. चहा होईपर्यंत आम्ही दोघेंच अंगणांत बसलों होतों, आणि आम्हांस काय झालें कोण जाणे, अठ्ठावीस वर्षें कोणास न सांगितलेलें तें तिला सांगितलें. ती पोटांत होती म्हणून आत्याबाईंस तें दाखविलें नाहीं, आणि ढग होते असें खोटें सांगितलें. तिनें सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “आत्याआजी तेव्हां झोपायच्या कुठं?”

“इथंच. ह्याच अंगणांत. होळी जवळ आली कीं त्यांची वळकटी बाहेर येई.”

ती कांहीं बोलली नाहीं. बोलण्यासारखें उरलेंच काय होतें? त्या तिन्ही रात्रीं आत्याबाई उघड्या आकाशाखालीं निजल्या होत्या. वाड्याच्या उंच भिंतींमुळें आग्नेयेचें क्षितिज अंगणांतून दिसत नसे, एवढेंच. डोक्यावर ढग आहेत कीं तारे, हें त्यांना आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होतें.

डिसेंबरांत नातू झाला. त्याच महिन्यांत रोझेटाचा एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तो आमच्या मुलखास फार झोंबणारा होता. पृथ्वीवर पाणी आलें कोठून, हा जुना प्रश्न. आरंभीं तापलेल्या पृथ्वीवर तें टिकलें नसावें, मागाहून धूमकेतूंनीं आणलें असावें, असें कित्येकांचें अनुमान. पाण्याची एक खूण असते: साध्या हायड्रोजनाबरोबर त्यांत जड हायड्रोजनाचा थोडा अंश असतो, त्याचें प्रमाण मोजलें कीं पाण्याचें कूळ ओळखतां येतें. रोझेटानें तें धूमकेतूच्या वाफेंत मोजलें तों आपल्या समुद्राच्या तिपटीहून अधिक निघालें. गोत्र जुळेना! तेव्हां ह्या जातीच्या धूमकेतूंनीं आपले समुद्र भरले नसावेत, असा निर्णय झाला. पण २०२४ सालीं त्याच मापांची पुन्हां बारकाईनें छाननी झाली, तेव्हां दिसलें कीं यानाभोंवतींच्या धुळीच्या कणांमुळें तें प्रमाण फुगलें होतें. धूळ वगळतां तें आपल्या समुद्राच्या जवळ येतें. म्हणजे सोयरीक अजून मोडलेली नाहीं. दहा वर्षांनीं आपलीच मापें उलगडून ‘चुकलें असावें’ म्हणणारीं हीं माणसें आम्हांस फार थोर वाटतात. आमच्या घरांत एका मापाची फेरतपासणी व्हावयास शहात्तर वर्षें पुरलीं नाहींत.

हे निष्कर्ष वाचले तीं वर्षें मराठवाड्यांत दुष्काळाचीं. २०१४ कोरडें, २०१५ त्याहून कोरडें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. धारूरांत टँकर आला कीं नातवाच्या आंघोळीचें पाणी कोणी धरावयाचें ह्यावर घरांत खल होई. बालाघाटाच्या उतारांवरचीं सीताफळेंहि त्या वर्षीं बोरांएवढीं राहिलीं. रांगेंत घागर घेऊन उभे असतांना ५१ कोटी किलोमीटरांवरच्या बर्फाचें गोत्र तपासणाऱ्यांचा कोणास राग यावा हेंहि आम्ही समजूं शकतों. एका शेजाऱ्यांनीं तो बोलूनहि दाखविला. आम्हांस मात्र उलट वाटे. हजारों वर्षें दुष्काळाचा दोष ज्याच्या माथीं मारला, त्याच्याच दारीं जाऊन माणसानें ‘आमचें पाणी तुझ्याकडून आलें काय?’ असें विचारलें, हें कांहीं थोडें नव्हे.

रोझेटानें आणखीहि बरेंच शोधलें. त्या वाफेंत गंधकाचा वायु, अमोनिया, फॉर्माल्डिहाइड, मद्यार्क असें काय काय निघालें. वास घेतां आला असता तर कुजक्या अंड्यांचा (हा आम्हीं ऐकीव मान्य केला), घोड्याच्या पागेचा आणि कडू बदामांचा एकत्र आला असता म्हणे. कडू बदाम म्हणजे सायनाइड. १९१० ची धास्ती अगदींच निराधार नव्हती, फक्त प्रमाणाचें भान नव्हतें. ग्लायसीन हें प्रथिनांतलें एक द्रव्य आणि फॉस्फरसहि तिथें आढळले. जीव घडण्यास लागणाऱ्या सामानांतल्या ह्या दोन जिनसा.

फिलीनें २०१५ च्या जूनमध्यें, सूर्य जवळ आल्यावर, पुन्हां कांहीं शब्द पाठविले आणि जुलैंत तो कायमचा मुका झाला. तो नेमका कोठें पडला आहे हें कोणास दिसत नव्हतें. २ सप्टेंबर २०१६ रोजीं रोझेटानें २.७ किलोमीटरांवरून घेतलेल्या चित्रांत तो सांपडला: एका अंधाऱ्या फटींत, कुशीवर, एक पाय वर. पाऊण पानाएवढें तें चित्र आम्हीं वर्तमानपत्रांतून कापून ठेविलें आहे. त्यानंतर चारच आठवड्यांनीं, ३० सप्टेंबरला, रोझेटा स्वतःच धूमकेतूवर हलकेंच उतरविली गेली आणि तिचा आवाज बंद झाला. त्याच सप्टेंबराच्या अखेरीस मराठवाड्यांत पाऊस धो धो कोसळला आणि मांजरा धरण भरलें. वराहमिहिराचें सुभिक्षाचें वाक्य तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें. नाहींतर दोषाऐवजीं श्रेय चिकटलें असतें, आणि तेंहि तितकेंच खोटें.

ह्या कामांत आपल्या मुलखाचा कांहीं वाटा आहे काय, असें जावयांस विचारलें, तेव्हां त्यांनीं आम्हांस विज्ञानदिनीं नारायणगांवाजवळ खोडद येथें नेलें. शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसल्या आहेत, एकूण तीस. रोझेटाशीं त्यांचा संबंध नव्हता. पण रोझेटा संपल्यावर एकोणीस दिवसांनीं त्याच युरोपीय संस्थेचें शियापारेल्ली यान मंगळावर उतरूं लागलें, तेव्हां त्याची क्षीण हांक ह्या खोडदच्या तबकड्यांनीं ऐकिली. यान कोसळलें. हांक मात्र इथें, द्राक्षांच्या आणि कांद्यांच्या शेतांत ऐकूं आली होती. नातू तेव्हां लहान होता. तबकडीखालीं उभा राहून त्यानें ‘ओ’ दिली.

२०२४ च्या ऑक्टोबरांत, दसऱ्यानंतरच्या दिवसांत, त्सुचिन्शान-ॲटलास नांवाचा धूमकेतु सूर्यास्तानंतर पश्चिमेस दिसत होता. मंडळी सुट्टीस आलेली होती. जुन्या माळवदाच्या जागीं आतां सिमेंटची गच्ची आहे. सारींजण वर गेलों; कन्या, जांवई, नातू, आणि गुडघे धरीत एकेक पायरी चढणारें आमचें कुटुंब. गांवाच्या दिव्यांमुळें प्रथम कांहीं दिसेना. मग नातवानें दाखविला. आमची दृष्टि आतां मंद झाली आहे, पण दिसला: सरळ, शुभ्र, बारीक.

तेवढ्यांत आमच्या कुटुंबानें, आकाशावरची नजर न काढतां, म्हटलें, “त्या वर्षीं मला विचारलं असतंत, तर मी पण आले असतें वर. आत्याबाईंचा हात धरून.”

अडतीस वर्षांत आम्हीं तिला ही गोष्ट सांगितली नव्हती. कन्येनें केव्हां तरी सांगितली असावी, किंवा तिला पहिल्यापासूनच ठाऊक असावी. आम्हीं विचारलें नाहीं. तिला विचारावें हें आम्हांस तेव्हांहि सुचलें नव्हतें. शाळेंत मुलांस, घरीं मातोश्रींस, मनांत वराहमिहिरास, साऱ्यांस विचारून झालें होतें. जिच्या पोटांतल्या जिवासाठीं एवढें भय बाळगलें, तिला तेवढें नाहीं.

नातू बोटांवर हिशेब करीत होता. हॅलेचा पुन्हां २०६१ च्या जुलैंत सूर्याजवळ येईल, तेव्हां आपण सेहेचाळीस वर्षांचे असूं, असें त्यानें जाहीर केलें. मग त्यानें विचारलें, “आतां तो कुठं आहे, आजोबा?”

आम्हीं सांगितलें कीं नेपच्यूनच्याहि पलीकडे. गेल्या वर्षींच, डिसेंबरांत, तो सूर्यापासून सर्वांत लांबच्या टोंकास पोहोंचून मागें वळला.

“म्हणजे निघाला?”

“निघाला,” आम्ही म्हणालों.